जाऊबाईंना दिलेली गोळी

मैत्रिणींनो, आज सकाळी पाचोऱ्याच्या मेडिकलमध्ये माझ्यापुढे एक अक्का ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची दोन पाकिटं मागत होत्या.

"अक्का, नेहमी तर एकच नेता," दुकानदार भाऊ म्हणाले.

"मन्ही जाऊले बी देस ना. तिन्हं बी डोकं दुखस."

मागे रांग होती, तरी भाऊंनी हात थांबवला. "तुमचा चष्मा देता का त्यांना?"

"तिले मन्ही चोळी बी बसत नही!"

आम्ही सगळे हसलो. अक्का मात्र काउंटरवर पुढे वाकल्या. "कालपासून तिले चक्कर येस," हळूच म्हणाल्या.

भाऊ रागावले नाहीत. जाऊबाईंना फोन लावून गोळी थांबवली आणि रिक्षाने शेजारच्या डॉक्टरांकडे बोलावून घेतलं. प्रेशर फारच उतरलं होतं. वेळेवर आल्या म्हणून निभावलं.

आमच्या आईच्या काळापासून पाहतेय, विरजण द्यावं तशी गोळी दिली जाते, तीही मायेनेच. ती माया न दुखावता चूक सुधारणाऱ्या या भाऊंना मनापासून नमस्कार.

बोदवडच्या बहिणीला मीही माझ्या झोपेच्या गोळ्या दिल्या आहेत. आता तिला फोन करते. तुम्हाला कुणाला करायचा आहे?