झाकणकाकांचं मत

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात झाकणकाकांनी सारा जन्म काढला. डबे दुसरे लोक बनवायचे, हे फक्त झाकणं. वरून प्रेस खाली यायचा, धाडकन आवाज व्हायचा आणि पत्र्यातून गोल झाकण सुटून पेटीत पडायचं. ते पडेपर्यंत पुढचं तयार. त्यावरून नाव पडलं झाकणकाका, आणि काकांना त्याचा राग नव्हता. डबा म्हणण्यापेक्षा बरं, असं ते म्हणत.

त्या धाडधाडीत कान कधी गेले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आधी दाराची घंटा गेली, मग पक्षी, मग बायकांचे आणि मुलांचे बारीक आवाज. निवृत्त होईपर्यंत समोरच्याच्या ओठांकडे बघून अर्धं आणि अंदाजानं अर्धं, असं त्यांचं चाललेलं होतं. मुलीनं एकदा कानाच्या डॉक्टरांचा आणि यंत्राचा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "जन्मभर यंत्रानंच कान खाल्ले. आता उरल्यासुरल्यात आणखी एक घालू?" विषय तिथेच मिटला.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. घरात काका आणि काकू दोघंच. संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसत. पडद्यावर कुणी काही बोललं की काका विचारत, काय म्हणाला? काकू सांगत, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जाई, मग त्याचं सांगा. काकूंनी हे बरीच वर्षं केलं. मग कधीतरी त्या "काही नाही" म्हणायला लागल्या. काकांनीही विचारणं सोडलं. सगळे हसले की हसायचं, सगळे गप्प झाले की चेहरा गंभीर करायचा. घरी येणाऱ्यांना वाटे, माणूस किती शांत आहे.

एकदा मुलगी रजेवर आली होती. दुपारी ती सोफ्यावर पाय घेऊन एक जपानी मालिका बघत बसली. छोट्या गावात सार्वजनिक न्हाणीघर चालवणारा एक म्हातारा आणि घर सोडून गेलेला त्याचा मुलगा, अशी काहीतरी गोष्ट होती. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण खाली आपल्या भाषेत ओळी येत होत्या. काका पाणी प्यायला उठले होते, ते सोफ्यामागेच उभे राहिले. पेला हातात तसाच. थोड्या वेळानं ते मोठ्यानं हसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, हसणारे आपण पहिले. मुलगी त्यांच्यानंतर हसली. काकूंचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता, त्यांनी विचारलं, "काय म्हणाला हो?"

काकांनी पेला ठेवला आणि सांगितलं. जरा जास्तच सविस्तर सांगितलं.

रजा संपेपर्यंत त्यांनी ती मालिका संपवली, वर एक सिनेमाही बघितला. जाताना मुलीनं त्यांच्या फोनवर, झाकणकाका याच नावानं, एक गट जोडून दिला. जपानी सिनेमे आणि मालिका बघणाऱ्या शहरातल्या हौशी लोकांचा गट होता तो. कुणी काय बघितलं, कसं वाटलं, कुठे रडू आलं, कुठे झोप लागली, सगळं तिथे लिहीत. गट चालवणारे एक निवृत्त ग्रंथपाल होते. त्यांना सगळं वेळच्या वेळी आणि जागच्या जागी लागे. कुणी शेवट आधीच फोडला की ते त्याला समज देत.

काका आधी नुसते वाचत. मग न्हाणीघराच्या मालिकेचा विषय निघाला आणि त्यांना राहवेना. शेवटच्या भागात मुलगा एका रात्रीपुरता घरी येतो. सकाळी तो उठायच्या आत बाप दाराशी जाऊन त्याचे बूट उचलतो आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून नीट लावून ठेवतो. बोलत काहीच नाही. त्यावर काकांनी लिहिलं, बापानं मुलाला सभ्य शब्दांत हाकललं. शब्दांतही नाही, बुटांत.

घटकाभरात उत्तर आलं. लिहिणाऱ्या बाईंनी गटात स्वतःचं नाव 'लिंबू' ठेवलं होतं आणि त्या नावाला जागत. त्यांचं म्हणणं, जाणाऱ्याला सोपं जावं म्हणून कुणी वाकून बूट फिरवतो त्याला प्रेम म्हणतात, आणि हे ज्याला दिसत नाही त्यानं मारामारीचे सिनेमे बघावेत. ग्रंथपालांनी मध्ये पडून सांगितलं की तिकडे पाहुण्यांचे बूट असे फिरवून ठेवायची रीतच आहे. काकांनी तेवढंच पकडलं. पाहुण्यांचे ना? मग झालं तर, मुलाचा पाहुणा केला. लिंबूताईंनी लिहिलं, घर सोडून गेलेला मुलगा पाहुणाच असतो, तुम्हाला आहे का कुणी असं? काकांनी लिहिलं, आहे एक मुलगी, पण तिच्या चपला मी कधी हलवल्या नाहीत.

तिथून जी जुंपली ती जुंपलीच. काकांना एखादा नट आवडला की लिंबूताईंना तो लाकडाचा ओंडका वाटे. त्यांना एखादी प्रेमकथा आवडली की काका लिहीत, दोघांनी पहिल्याच भागात नीट बोलून घेतलं असतं तर बाकीचे भाग वाचले असते. काकांची मतं बऱ्याचदा चुकतही. एकदा त्यांनी एका पात्राला सलग चार भाग खुनी ठरवलं आणि पाचव्यात त्याचाच खून झाला. लिंबूताईंनी त्यांचं सांत्वन केलं, पण खवचटपणे.

सकाळी उठल्यावर काका आधी चष्मा शोधत, मग फोन. गटात त्यांच्या कानांचं कुणाला माहीत नव्हतं. लिहिण्यात कान लागतात कुठे? तिथे ते बोलके होते, हजरजबाबी होते, चार लोकांत टाळी घेणारे होते. काकू बाजूला बसून त्यांचं एकट्यानं हसणं बघत.

मग ग्रंथपालांनी टूम काढली की सगळ्यांनी एकदा भेटावं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पडदा होता, तिथे सिनेमा बघू, चहा घेऊ, चर्चा करू. काकांनी कळवून टाकलं, गुडघा दुखतो. काकूंनी हे वाचलं आणि म्हणाल्या, गुडघा माझा दुखतो, तुमचा नाही. मला ती लिंबू बघायची आहे. चला.

खोली लहान, छत उंच, भिंतींना कपाटं. खुर्च्या घडीच्या. सिनेमा दोन बहिणींचा होता. आईच्या मागे तिचं छत्र्यांचं दुकान आवरायला येतात, भांडतात आणि शेवटी दुकान पुन्हा उघडतात. पडदा चालू होता तोवर काका मजेत होते. दिवे लागले, चहा आला आणि सगळे एकदम बोलू लागले. त्या उंच छताखाली सगळ्यांचं बोलणं एकात एक मिसळलं. काकांच्या कानी नुसता गलका येत होता, चाळणीत खडे हलवल्यासारखा. ते कपाटाशी उभे राहून मान डोलवत राहिले.

ग्रंथपालांना झाकणकाका कोण ते कळलं, तसे ते लगबगीनं आले आणि सगळ्यांदेखत त्यांना काहीतरी विचारलं. सगळे वळून बघायला लागले. काकांनी अंदाज केला. सगळ्यांच्या हातात चहा, म्हणजे चहाबद्दलच असणार.

"जरा गोड झाला," काका म्हणाले. "पण गरम होता, बरं वाटलं."

खोलीभर हशा पिकला. ग्रंथपालांनी विचारलं होतं, शेवट कसा वाटला. वा, काय बोललात, असं म्हणत कुणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारली. काकाही हसले, नेहमीसारखे.

हसली नाही ती एक बाई, पिकल्या केसांची, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. ती चहा ठेवून काकांकडे आली, समोर उभी राहिली आणि फोनवर काहीतरी लिहून तिनं तो त्यांच्यापुढे धरला. लिहिलं होतं, मी लिंबू. तुम्हाला ऐकू येत नाही ना?

काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात त्यांना काकू दिसल्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कप हातात धरून त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. काकांनी फोन घेतला आणि लिहिलं, चहाबद्दल विचारलं नव्हतं का?

लिंबूताई आता हसल्या. त्यांनी पुढे लिहिलं की त्या चष्म्याच्या दुकानात काम करतात, तिथे लोक तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात आणि धडाधड म्हणून दाखवतात. तुमची मान तशीच डोलत होती.

काकांचे कान लाल झाले. मग ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, म्हणजे गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. फार कमी. मघाशी मी चहाबद्दल बोललो. तुम्ही लिहाल तर मला भांडता येईल."

ग्रंथपालांनी खुर्च्या टेबलाभोवती मांडायला लावल्या आणि जो तो फोन काढून बसला. एकाच खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं एकमेकांना लिहायला लागली. एकदोघं कंटाळून लवकर निघून गेली, तेही खरं. पण राहिलेल्यांची चर्चा रंगली. कुणी बोलत नव्हतं आणि मधूनच सगळे मिळून खो खो हसत होते. कप न्यायला आलेला शिपाई दारातच थबकला आणि पाय न वाजवता परत गेला.

परतताना बसथांब्यावर काकू बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या, मग वळून काकांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"त्यांना सांगितलंत. मला कधी सांगितलं नाहीत, की इतकं कमी ऐकू येतं म्हणून."

"तुला माहीत नव्हतं?"

"कमी येतं हे माहीत होतं. मला वाटायचं, माझं बोलणं तुम्हाला नको झालंय."

काकांनी हे सगळं काकूंच्या ओठांवरून वाचलं. चुकीचं वाचलं असेल अशी त्यांना आशा होती, म्हणून त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितलं. काकूंनी पुन्हा म्हटलं. तेवढ्यात बस आली. बसमध्ये काकूंना खिडकी देऊन ते शेजारी बसले आणि उतरेपर्यंत त्यांनी काकूंचा हात सोडला नाही. घरी पोचल्यावर मुलीला निरोप त्यांनी स्वतःच लिहिला, त्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता पाठव.

यंत्र बसलं. काही जादू झाली नाही. शब्द आधीपेक्षा बरे कळू लागले, पण त्यांच्याबरोबर बाकीचं सगळंही आत शिरलं. भांडी, पंखा, काकूंच्या सपाता. काका वैतागून म्हणत, घरात इतका गोंधळ चालतो हे कुणी सांगितलं नाही. न्हाणीघराची मालिका त्यांनी मुद्दाम पुन्हा लावली आणि बसल्या जागी उडाले. तो म्हातारा, ज्याचा आवाज त्यांच्या मनात रांजणातून आल्यासारखा घुमत होता, तो किटलीसारखा बारीक चिरकत होता. गटात त्यांनी ही फसवणूक जाहीर केली. लिंबूताईंनी कळवलं की आवाज त्या माणसाला अगदी शोभतो. तो वाद आठवडाभर पुरला.

मुलीशी आता ते फोनवर बोलतात. पहिल्यांदा बोलले तेव्हा ती एवढी हळू आणि स्पष्ट बोलत होती की काका म्हणाले, अगं, बहिरा आहे, बाळ नाही.

गटाच्या भेटी वाचनालयात होतात. थोडा वेळ तोंडी, थोडा वेळ लेखी असा ग्रंथपालांनी नियमच करून टाकला आहे, आणि लेखी भागात माणसं जास्त खरं बोलतात असं त्यांचं निरीक्षण आहे.

हल्ली गटात एका टॅक्सी चालवणाऱ्या बाईची मालिका गाजते आहे. तिला टाकून गेलेला नवरा एका पावसाळी संध्याकाळी तिच्याच टॅक्सीत येऊन बसतो. काकांनी लिहिलं, माणूस पस्तावलेला दिसतो, तिनं त्याला घरी न्यायला हरकत नव्हती. लिहून ते पलंगावर आडवे झाले, तोच फोन थरथरला. गटात कुणी नवीन आलं होतं. मत एका ओळीचं होतं. तिनं त्याला पुलावर उतरवून द्यायला हवं होतं, छत्रीशिवाय.

काकांना राग आला. इतकं कठोर कोण लिहितं, म्हणून त्यांनी नाव बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि तोंडी वाद घालायला स्वयंपाकघरात गेले.