जेवणानंतरचं पाणी

भरलेला गडवा ताटाच्या डाव्या अंगाला टेकवला, की फरशीवर एक भरीव, समाधानी आवाज उमटतो. रिकाम्या भांड्याला तो कधी जमत नाही. मग आपण घासामागून घास घेतो, मध्येच गडवा उचलतो, आणि त्याच्या जागी बुडाएवढं ओलं वर्तुळ उरतं. माठातलं गार पाणी असेल तर अधिकच ठसठशीत. तांब्याला आमच्या यवतमाळकडे गडवा म्हणतात, आणि गडव्यावाचून वाढलेलं ताट म्हणजे अर्धवट वाढलेलं ताट. त्या वर्तुळाकडे मी जन्मभरात कधी निरखून पाहिलं असेल, असं वाटत नाही. जे रोज समोर असतं त्याच्याकडे कोण पाहतं! पाहायला लागले ती गडवा माझ्या ताटाजवळून उठून गेल्यावर.

गेल्या पावसाळ्याच्या उतरणीला नागपुरात माझ्या जठरावर शस्त्रक्रिया झाली. वजन उतरवण्याची. देह दिवसेंदिवस विस्तारत गेला होता, साखर कशालाच दाद देत नव्हती, आणि वर्गात फळ्यापर्यंत जाऊन परत खुर्चीशी येणं म्हणजे गुडघ्यांची मनधरणी होऊन बसली होती. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढं शिल्लक ठेवलं. काय खायचं, किती खायचं याची मी तयारी केली होती. पुरणपोळीला मनोमन निरोपही देऊन झाला होता. पण घरी सोडताना तिथली आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली, की जेवताना पाणी प्यायचं नाही. जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. उरलेल्या दिवसभरात घोटघोट पीत राहायचं, गटागटा कधीच नाही. एवढ्याशा जागेत अन्न आणि पाणी एकदम नांदत नाहीत, असं तिचं सांगणं. मी मान डोलावली खरी, पण मनात म्हटलं, पाणी हा काय सोडण्याचा पदार्थ झाला? ज्या मुलखात दारात आलेल्या माणसाला नाव विचारण्याआधी पाणी विचारतात, तिथल्या बाईला हे सांगायचं!

सवय ही बुद्धीत नसते, हातात असते, हे मला तेव्हा कळलं. उजवा हात घास करायचा आणि डावा आपसूक बाजूला जायचा, तिथली हवा चाचपायचा, आणि ओशाळून मांडीवर परत यायचा. त्या हाताला दुसरं कामच नव्हतं हो आजवर! आमचे हे, म्हणजे माझे यजमान, त्यांचीही तीच गत. जेवायला बसण्यापूर्वी दोन गडवे भरून आणायचे, एक त्यांचा, एक माझा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. पऱ्हाटीत कापूस वेचून कितीही थकून आले, तरी पाणी तेच आणणार. शस्त्रक्रियेनंतरही ते माझा गडवा ठेवत राहिले आणि मी तो उचलून परत नेत राहिले. एकदा मी चिडलेच. तर खाली मान घालून म्हणाले, "सवय हाये वो. हात आपसूक भरते." त्यानंतर त्यांनी माझा गडवा भरणं सोडलं. मी जिंकले होते, आणि डावा हात अजून तिथली हवा चाचपत होता.

पण पाण्याने पाठ फिरवल्यावर एक अनोळखी गोष्ट भेटली, ती म्हणजे चव. तुम्ही हसाल, पण इतकी वर्षं मी जेवत नव्हते, ढकलत होते. आधी सगळ्यांची पंगत उठल्यावर बसणाऱ्या सुनेचं जेवण, आणि पुढे मधल्या सुट्टीत घंटेकडे कान लावून डबा संपवणाऱ्या शिक्षिकेचं जेवण! घास पुरता चावून होण्याआधीच त्यामागे पाण्याचा लोट सोडायचा, की तो बिचारा वाहत जाई. आता पाणी नाही म्हटल्यावर चावणं आलं. पीठ होईपर्यंत चावलेली ज्वारीची भाकर शेवटी शेवटी गोड लागते, हे मला पन्नाशीला समजलं. ज्वारीच्या मुलखात जन्मून! यात खेद मानावा की आनंद? मी आनंद मानला. वय झालं की माणसाने शक्यतो आनंदच मानावा.

मात्र हे सारं मी घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. लोक काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं. तोंडाला आवर घालता आला नाही म्हणून पोट कापून घेतलं, असं म्हणतील. म्हणून मी पित्ताशयातल्या खड्यांचं निमित्त पुढे केलं. आमच्या मारेगावात एकदा खडे म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, "केवाले होते वो?" मी म्हणाले, हरभऱ्याएवढे. चार दिवसांनी ते बोराएवढे होऊन माझ्याच कानावर आले. मी हसले आणि तसेच राहू दिले. शाळेतल्या सुजाताला, माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीलाही मी खडेच सांगितले होते.

सुजाता माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान. तिचं घर बौद्ध, माझं कुणब्याचं. पण शाळेत आम्ही एका डब्यात जेवायचो आणि एकाच बाटलीचं पाणी प्यायचो, म्हणून या गोष्टीचा उच्चार करण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. तिचं सासर मुकुटबनजवळच्या एका गावात. मी आजारातून उठले म्हणून तिने थंडीतल्या एका रविवारी तिकडे जेवायला बोलावलं. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, कापसाची शेवटची बोंडं झाडांवर लोंबत होती, आणि बसच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला वाळत्या पानांचा मंद, तुरट वास होता. बसला उशीर झाला. पोचताच ताटावर बसावं लागणार हे ओळखून मी बसमध्येच, वेळेचा हिशेब करून, जवळच्या बाटलीतलं पाणी घोटघोट पिऊन घेतलं. नव्या शिस्तीत आपण किती पारंगत झालो, याचा मला थोडा अभिमानही वाटला.

सुजाताच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. कृश अंगकाठी, स्वच्छ पांढरं लुगडं. मी त्यांना मावशी म्हटलं. ओसरीत बुद्धाच्या तसबिरीपुढे ताजी फुलं वाहिली होती आणि त्याच भिंतीशी ताटं मांडलेली होती. मावशींनी घासून लखलखीत केलेला पितळी पेला माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "आधी पाणी घ्या, मॅडम." मी अगदी सहज म्हणून गेले, "नको मावशी, आत्ताच पिऊन आले."

जेवण सुरू झालं. ज्वारीची भाकर, तुरीच्या ताज्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी आणि ठेचा. काय भाजी होती! हिरवी, दाट, लसणाच्या फोडणीची. मी चतकोर भाकर घेऊन एकेक घास चावत बसले. ठेच्याने जीभ पेटली, डोळ्यांत पाणी आलं, पण पेल्याला हात लावला नाही. सुजाताचं लक्ष होतं. "घ्या ना ताई, घोटभर तरी. झोंबला दिसते तुमाले." मी मान हलवली. तिने पुन्हा आग्रह केला, मी पुन्हा नको म्हणाले. मावशींची नजर एकदा त्या भरल्या पेल्याकडे गेली, एकदा माझ्या पर्समधून मान बाहेर काढून बसलेल्या बाटलीकडे गेली. मग त्या उठल्या. "राहू दे, सुजाता. काई लोकायले नसते चालत. कायले आग्रह करतं?" आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. त्यांनी पेला उचलला आणि फरशीवर उरलेलं ओलं वर्तुळ पदराच्या टोकाने पुसून टाकलं.

मला समजायला एक क्षण लागला, आणि समजलं तेव्हा अंगावर काटा आला. 'आत्ताच पिऊन आले.' हेच ते वाक्य! आमच्या गावातली माणसं बौद्धांच्या वस्तीत गेली की हेच सांगायची. इतकं सभ्य, इतकं गुळगुळीत, की त्यावर बोट ठेवता येऊ नये. माझ्या माहेरच्या माणसांच्या तोंडून मी ते लहानपणापासून ऐकलं होतं. आज मी ते उच्चारलं होतं, सोबत स्वतःची बाटली घेऊन, आणि ते अक्षरशः खरं होतं. सत्याचा चेहरा असत्यासारखा इतका हुबेहूब असू शकतो? सुजाता ताटाकडे बघत हळूच म्हणाली, "शाळेत बी आताशा माह्या बाटलीले हात नाई लावत तुमी, ताई. म्या म्हटलं, आजारपण असन." म्हणजे हे तिच्या मनात कित्येक दिवस होतं! माझं ते सांभाळलेलं गुपित तिला रोज मधल्या सुट्टीत बोचत होतं, आणि मी मात्र भाकरीतली गोडी शोधत बसले होते.

पेला अजून मावशींच्या हातात होता. वाटलं, मागून घ्यावा आणि गटागटा पिऊन टाकावं. काय झालं असतं? पोटात कळ आली असती, कदाचित खाल्लेलं उलटून पडलं असतं; मरण तर आलं नसतं. हात पुढे झालाही. पण पाण्याचा तो घोट दाखवण्यासाठी घेतलेला घोट झाला असता, आणि तसले घोट मावशींनी ओळखले नसते असं थोडंच आहे! मी हात मागे घेतला आणि सगळं सांगून टाकलं. खडे नव्हतेच, पोट कापून लहान केलं आहे, जेवताना पाणी चालत नाही, कुणाच्याच घरचं नाही, माझ्या घरचंसुद्धा नाही, लाज वाटली म्हणून लपवलं. बोलताना माझा आवाज पाचवीतल्या पोरीसारखा झाला होता.

मावशी पेला घेऊन तशाच खाली बसल्या. "पोट कापलं? मंग केवालं राह्यलं आता?" मी बोटांनी दाखवलं, केळ्याएवढं. त्यांनी माझ्या ताटातल्या चतकोर भाकरीकडे पाहिलं. "मंग त हे बी जास्तच वाढलं वो तुमाले!" आणि त्या हसल्या. सुजाता मात्र हसली नाही. "आन खडे? बोराएवढे?" असं म्हणून तिने माझ्या दंडावर चांगला सणसणीत चिमटा काढला, आणि मगच तिचे डोळे भरून आले. माझेही आले. ठेच्यावर ढकलायची सोय होती, पण दोघींपैकी कुणीच ढकललं नाही.

जेवण उरकलं, आणि तो अर्धा तास समोर आला. एरवी मला तो रुक्ष वाटायचा; तोंड कोरडं, हात रिकामे आणि घड्याळाचा काटा आळशी. त्या दिवशी मावशी माझ्याजवळ बसून राहिल्या. शेंगा सोलता सोलता, कुणाला उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या, "नवी सून होती, तवा आमी इहिरीपाशी घागर घेऊन उभं राहो. कोनी वरून वतलं त भरे. नाई वतलं त उभं राहो." किती वेळ उभं राहावं लागायचं, असं मी विचारलं नाही. पाण्यासाठी थांबणं मला अर्ध्या तासाचं माहीत होतं, तेही माझ्याच भल्यासाठी. त्यांचं थांबणं निराळं होतं आणि ते मोजायला माझ्याजवळ माप नव्हतं. मी नुसती शेंगा सोलू लागले. माझ्या डाव्या हाताला बऱ्याच दिवसांनी काम मिळालं होतं.

घड्याळाकडे लक्ष मावशींनीच ठेवलं. "झाला तुमचा वकूत," म्हणत त्या उठल्या आणि माठातून तोच पितळी पेला भरून आणला. त्या भागातलं पाणी थोडं जड, जिभेला दगडाची पुसट चव देणारं. मी एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. "सावकाश प्या. कोनी ओढून नाई नेत," मावशी म्हणाल्या, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. निघताना त्यांनी माझी बाटली मागून घेतली आणि काठोकाठ भरून दिली.

आता आमच्या घरी माझा गडवा परत आला आहे. मीच यांना म्हटलं, भरत जा. तो ताटाशेजारी भरलेला उभा असतो. जेवण होतं, अर्धा तास सरतो, तोवर हेही उठत नाहीत, आणि मग मी तो उचलते. फरशीवर ते ओलं वर्तुळ दिसतं, आणि मला दर वेळी मावशींच्या ओसरीतलं दुसरं वर्तुळ आठवतं. त्या दिवशी रिकामा पेला मी खाली ठेवला, त्यांनी तो आत नेला. फरशी ओली राहिली होती. ती त्यांनी पुसली नाही.