तिसऱ्या सायकलची जागा

आमच्या धाकट्या दिरांना कामावरचे लोक ‘पाणसळ’ म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते बघायला बुडबुड्याची पट्टी लावतो, ती पाणसळ. भाऊजींच्या खिशात ती कायम असायची. जेवायला बसले की आधी टेबल हलतंय का ते बघणार, पायाखाली कागदाची घडी सारणार, आणि मग पहिला घास. “अहो भाऊजी, जेवण गार होतंय,” असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं: “गार चालेल वहिनी, तिरकं नको.”

त्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. उंच इमारतींच्या पोटात जी काळोखी विहीर असते, तिच्यात उतरून तारेचे दोर तपासायचे, चाकांना तेल द्यायचं, कुठे काय घासतंय ते ऐकायचं. कान असा तयार झाला होता की कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी जिन्याशी थबकून म्हणायचे, “हिचं वरती काहीतरी दुखतंय.” कुणी भुताखेतांचा विषय काढला तर हसायचे. “जन्मभर अंधारात लोंबकळलो. एक भूत भेटलं नाही. भेटलं असतं तर त्याच्या हातात तेलाची बुधली दिली असती.”

हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं जे आहे ते अशा माणसाच्या बाबतीत घडलं.

त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, सगळीकडे सायकलने जायची. भाजीला, बँकेत, शिवणाच्या वर्गाला. दोन वर्षांपूर्वी चौकात एका मोटारीने तिला उडवलं. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. हात खांद्याच्या वर जात नाही, एवढंच राहिलं. पण बाई घराबाहेर पडेना. आधी मोठा रस्ता सुटला, मग गल्ली, मग फाटक. मुलगा परगावी नोकरीला, त्याच्याशी फोनवर हसून बोलायची आणि फोन ठेवला की गप्प. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, त्यामुळे मला दिसायचं. ती खिडकीशी बसलेली असायची, पण खिडकीबाहेर बघत नसायची.

“वहिनी,” भाऊजी एकदा माझ्या ओट्याशी येऊन म्हणाले, “ही रोज थोडी थोडी कमी होतेय.”

त्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. शेवटी एकदा कंटाळून ती म्हणाली, “जिथे मोटारी नसतील अशा रस्त्यावर नेऊन सोडा, मग बघू.” टाळायलाच म्हणाली असेल. पण भाऊजींनी तो शब्द पकडला. शहराबाहेर तळ्याभोवती एक रस्ता आहे, तिथे फक्त पायी चालणारे आणि सायकली. पण तिथवर सायकली न्यायच्या कशा? म्हणून दलालाकडून त्यांनी एक जुनी व्हॅन आणली. मागे दोन सायकली उभ्या राहतील, बसायला घडीचा बाक असेल, चहापाणी होईल, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, अशी करायची.

आमचे हे म्हणाले, “निवृत्त झाल्यावर लोक बागेत जातात, हा भंगारात गेला.”

व्हॅन अंगणात उभी राहिली, अगदी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. भाऊजींनी कागदावर सगळं मापून काढलं आणि आतला रबरी गालिचा उचलला. थोड्या वेळाने हाक आली, “वहिनी, जरा या हो.”

पत्र्यावर त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. सायकलचं पुढचं चाक धरणारे चिमटे जिथे बसणार, तिथल्या खुणा. आणि प्रत्येक खुणेच्या खाली पुट्टीचा एकेक ठिपका. कुणीतरी तिथेच भोकं पाडली होती, मग बुजवली होती, वरून रंग दिला होता.

“माझी खूण आणि त्याचं भोक, केसाचा फरक नाही,” भाऊजी म्हणाले.

“अहो, दोन सायकली आणि एवढीशी जागा. कुणीही मापलं तरी इथेच येणार.”

“तेही खरंच,” ते म्हणाले. पण पाणसळ काढून त्या ठिपक्यांवर ठेवली, आणि बुडबुडा मधोमध आला तो बराच वेळ बघत राहिले.

त्यांचा एक नियम होता: जुन्या भोकात नवा स्क्रू धरत नाही. शेजारी बोटभर सरकून नवं पाडायचं. तसं करायला गेले तर ड्रिल पत्र्यावरून घसरायचं आणि पुट्टी फोडून नेमकं जुन्या भोकात जाऊन बसायचं. दोनदा, तीनदा. माझ्या खिडकीतून तो आवाज यायचा: आधी चरचर, मग एकदम मऊ, जसं कुणी आतून ओढून घेतलंय. शेवटी त्यांनी हात टेकले. “बरं बाबा, तुझं खरं,” असं ते मोठ्याने म्हणाले. कुणाला म्हणाले ते मी विचारलं नाही.

मग पाण्याच्या कॅनची खुंटी. ती त्यांनी मुद्दाम खूप खाली ठरवली होती, माझ्या कमरेच्या जरा वर, कारण धाकटीचा हात वर जात नाही. खूण केली आणि त्याखाली पुन्हा पुट्टी. या वेळी ते मला हाक मारायलाही विसरले. मी चहा घेऊन गेले तर ते गाडीतच मांडी घालून बसले होते.

“इतक्या खाली खुंटी कोण लावतं वहिनी? मी तर हिच्या खांद्यासाठी लावतोय.”

मी त्या ठिपक्यासमोर उभी राहिले आणि हात तिथे नेला. मुलं वाढवलेल्या बाईला अशी उंची ओळखीची असते. “ज्याचा हात याहून वर पोचत नाही,” मी म्हटलं, “असं लहान कुणीतरी.”

भाऊजींनी दोन चिमट्यांच्या मधला कचरा हाताने बाजूला केला. तिथेही ठिपके होते. अंतर कमी, चाक लहान. तिसऱ्या सायकलची जागा. ती त्यांच्या कागदावर नव्हती.

“चिमटे लावले असतील तर काढले का?” ते म्हणाले. “आणि काढून भोकं इतकी नीट बुजवली का? गाडी विकणारा भोकं बुजवत बसतो का कधी? गालिच्याखाली कोण बघणार होतं?”

त्यांनी पुट्टीवरून अंगठा फिरवला.

“हिला सांगू नका,” भाऊजी म्हणाले. “तिच्या मनात नको ते येईल. मग ती या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि दुसरी युक्ती माझ्याकडे नाही.”

मी मान हलवली. गालिचा पुन्हा अंथरला गेला.

पण गाडी काही स्वस्थ बसू देईना. गल्लीतला तांबडा कुत्रा अनोळखी चाक दिसलं की भुंकून घसा फोडतो. या गाडीवर तो एकदाही भुंकला नाही. सकाळी येऊन सरकत्या दारासमोर बसायचा, शेपूट हळूहळू आपटत, वर बघत. कुणी उतरायची वाट बघावी तसा. भाऊजी दुसऱ्या दाराने उतरले तरी त्याची नजर हलायची नाही.

आणि काचा. मागची काच मी स्वतः पुसली होती. एका दमट सकाळी तिच्यावर वाफ धरली आणि आतल्या बाजूने दोन पंजे उमटले, खालच्या कडेशी, पेढ्याएवढे तळवे. आता यात काही नवल नाही, तेलकट हात लागला की डाग वाफेवर उठतो, नुसत्या फडक्याने जात नाही. मी सोड्याने धुतली. पुढच्या दमट सकाळी पुन्हा उमटले. साबण, मग व्हिनेगर, मग वर्तमानपत्राचा बोळा. संसारात इतकी भांडी घासली, पण एवढी चिवट काच नाही पाहिली. शेवटी मी तिथे पडदा शिवून लावला आणि वर धाकटीला सांगितलं, “ऊन लागेल ना तुला.”

भाऊजींचं बोलणं कमी झालं. काम मात्र सुरेख झालं. चिमटे, पट्टे, घडीचा बाक, वाटेत सांडणार नाही अशी किटलीची चौकट. एका रविवारी ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “गाडी तयार आहे.”

ती उंबऱ्यात इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, झालं, आता परत फिरते. आमच्या ह्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगून अंग काढून घेतलं होतं, म्हणून तिच्या सोबतीला मी निघाले होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुम्ही पुढे बसा. मी मागे बसते.” आणि गाडीत चढली. मोठ्या रस्त्यावर तिने डोळे गच्च मिटले. भाऊजी आरशातून रस्ता कमी आणि तिलाच जास्त बघत होते.

तळ्याकाठी चहाची एक टपरी आहे. गाडी थांबायच्या आतच टपरीवाली बाई हात पुसत लगबगीने बाहेर आली. तिचं तोंड हसरं होतं, आणि हातात सायकलचा पंप होता.

“किती दिवसांनी!” ती लांबूनच ओरडली. “छोटीच्या चाकात हवा भरायची ना?”

मग ती जवळ आली, आमचे चेहरे पाहिले, आणि थांबली. पंप तिने पदराआड घेतला. “चुकलं माझं. गाडी बघून वाटलं.”

“आम्ही नवीन आहोत,” भाऊजी घाईने म्हणाले. “दोन चहा... तीन चहा द्या.”

सरकतं दार उघडं होतं. धाकटी पायरीवर येऊन बसली होती. “किती जणं यायची या गाडीतून?” तिने विचारलं.

“तिघं. नवरा-बायको आणि लेक,” टपरीवाली म्हणाली. “दर रविवारी. मग एका रविवारी दोघंच आली. इथेच बसली, सायकली उतरवल्या नाहीत, चहा तसाच गार झाला. त्यानंतर कुणी आलं नाही. मी विचारलं नाही हो. काय विचारणार?”

ती चहा टाकायला गेली. भाऊजींचा चेहरा पडला होता. एवढं सगळं करून शेवटी एका चहावालीच्या तोंडून बाहेर पडलं, असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं.

“तुम्हाला माहीत होतं,” धाकटी म्हणाली.

“अंदाज होता.”

“आणि ताई, तुम्हालाही.”

मी टपरीकडे बघू लागले.

“मला वाटलं तू घाबरशील,” भाऊजी म्हणाले.

“मी सगळ्यालाच घाबरते, त्यात काय नवीन आहे! पण तुम्ही रोज त्या गाडीतून यायचात, हात धुवायचात आणि माझ्याकडे बघायचंच टाळायचात. मी म्हटलं, आता हेही कंटाळले मला. त्याची भीती जास्त होती.” तिचा आवाज चढला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा ती कुणावर तरी रागावली होती. “आता तोंडाकडे काय बघताय? सायकल उतरवा माझी.”

“तुझी... आत्ता?”

“नाही, पुढच्या दिवाळीला! उतरवा.”

भाऊजींनी पट्टे सोडले. तिने सायकल हातात घेतली, दोन पावलं नुसती ढकलली, मग पाय टाकला. आधी डगमगली, मग सरळ झाली. भाऊजी दुसरी सायकल काढायला वळले तर तिने मागे न बघता सांगितलं, “थांबा, मला एक फेरी मारू द्या.”

आम्ही उभे राहिलो. रस्ता रिकामा होता, पाणी स्थिर. ती पाण्याच्या कडेने चालली होती, अगदी कडेने. दुसऱ्या बाजूला पूर्ण रस्ता मोकळा असताना. मला वाटलं, तोल गेला तर पाण्यात जाईल. पण तोल जात नव्हता. पाण्याच्या बाजूला स्वतः राहून तिने रस्त्याकडे एका सायकलची जागा सोडली होती आणि वळणावरही ती त्या जागेत शिरत नव्हती. मधूनच तिची मान तिकडे वळायची. ओठ हलताहेत की नाही, हे इतक्या लांबून दिसत नव्हतं.

पलीकडच्या वळणावर ती थांबली. एक पाय जमिनीला टेकवला आणि मागे पाहिलं. माणूस लांबचं बघताना समोर बघतो. तिची नजर खाली होती, खुंटीच्या उंचीला. ती तशीच थांबून राहिली, कुणी मागे पडलेलं गाठेपर्यंत थांबावं तशी. मग पुन्हा पाय मारले, सावकाश, अगदी सावकाश.

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं.

ती परत आली तेव्हा गाल लाल झाले होते. चहा तिने घटाघटा प्यायला आणि बिस्कीट मागून घेतलं.

“मध्येच का गं थांबलीस?” मी विचारलं.

“दम लागला होता,” ती म्हणाली.

ती जराही धापा टाकत नव्हती. “पुढच्या रविवारी लवकर निघू या,” ती भाऊजींना म्हणाली. “ऊन चढलं की त्रास होतो.” कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. दोन वर्षांत हरवलेली बाई समोर बसून बिस्किटाचा चुरा झटकत होती. मग त्यांनी सायकल चढवली, पट्टे आवळले, सगळं एकदा हाताने हलवून पाहिलं. मी पुढे बसले, धाकटी मागे बाकावर, खिडकीकडे सरकून. ते गाडीत आले, किल्ली लावली, पण फिरवली नाही. आरसा जरासा खाली वाकवला.

“सगळे बसले ना?” त्यांनी विचारलं.

मागे धाकटीने आपल्या शेजारी पाहिलं.

“बसले,” धाकटी म्हणाली.

भाऊजींनी गाडी सुरू केली आणि खड्डे चुकवत, मागे कुणी झोपलं असावं तशी, हळूहळू घराकडे घेतली.