मावशीच्या सोललेल्या बाटल्या

माझ्या मावशीच्या पार्लरात तुम्ही दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर तिथल्या एकाही बाटलीवर तुम्हाला नाव दिसलं नसतं. नवी बाटली आली की मावशी ती कोमट पाण्याच्या बादलीत बुडवायची, तासाभराने नखाने लेबल सोलायची, उरलेला चिकटा तेलाच्या बोळ्याने पुसायची आणि वर स्वतःचा ठिपका काढायची. लाल ठिपका शाम्पूचा, निळा कंडिशनरचा, पिवळा चेहऱ्याच्या क्रीमचा. केसांच्या रंगाच्या ट्यूबा खोक्यातून यायच्या. ती खोकी आणि आतली घडी घातलेली पत्रकं थेट कचऱ्यात.

का, असं विचारलं की म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची. नाव कळलं की बाटली बाजारातून आणतील आणि घरीच डोकं धुतील. मग माझ्याकडे कोण येईल?"

मला हे मुळीच पटायचं नाही आणि मी तसं तोंडावर बोलून दाखवायची. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. छापलेलं काही कुणी फाडलं की माझं डोकं फिरतं. पण खरं सांगायचं तर मीही जन्मात कधी शाम्पूच्या बाटलीची पाठ वाचली नव्हती. दिवसभर मुंगीएवढी अक्षरं वाचून घरी आल्यावर न्हाणीघरात पुन्हा तेच कोण करणार? तेव्हा मावशीला शहाणपण शिकवायचा मला काही अधिकार नव्हता.

मावशीचं सगळं भांडवल म्हणजे तिचे हात. तिने डोकं चोळायला घेतलं की भल्या भल्या बडबड्या बायका वाक्य अर्धवट सोडून झोपी जात. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक बेसिन, एक आरसा, एवढ्यावर तिने अठ्ठावीस वर्षं काढली. मागच्या खोलीत ती एकटी राहते, त्यामुळे पुढच्या खोलीत येणाऱ्या बायका हेच तिचं गणगोत.

आणि त्या हातांनाच काहीतरी झालं. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग पाण्याने भरलेले बारीक फोड, मग भेगा. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं वय. मावशीने रबरी हातमोजे चढवले आणि सगळी कामं त्यातूनच करायला लागली. जोडीला स्वतःच्या अकलेने उपायही शोधला. बेसिनपाशी हात धुवायचा एक चांगलासा पातळ साबण तिने काही महिने आधीच आणून ठेवला होता. हिरवी बाटली, त्यावर एक टवटवीत पान आणि ठळक अक्षरांत "सौम्य, नैसर्गिक, नाजूक त्वचेसाठी". फोड वाढले की ती आणखी वेळा हात धुवायची. दिवसातून तीस वेळा तरी.

मग एका दुपारी हेडबाईंचं डोकं धुताना हातमोजा फाटला. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, मावशीचं अठरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांना आरशात मावशीची बोटं दिसली.

"हे काय गं? लागण होते का याची?"

"नाही हो बाई, नुसती भेग आहे."

"एवढ्या भेगा? हात बरे झाल्याशिवाय मी काही यायची नाही," असं म्हणून हेडबाई खांद्यावर टॉवेल टाकून ओल्या केसांनीच निघून गेल्या. तो टॉवेलही मावशीचाच होता. त्या आठवड्यात आणखी दोघींनी वेळ ठरवून ऐनवेळी टाळली. शाळा सुटली तरी बाईंचा आवाज अजून गावभर पोचतो, त्याला इलाज नाही.

मावशीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज ऐकूनच मी रजा टाकली आणि तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही कामात जे जे वापरता, ते सगळं उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मावशीने टेबलावर चौदा बाटल्या मांडल्या. लाल ठिपके, निळे ठिपके, पिवळे ठिपके.

"यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही?"

"होतं. मी काढलं," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

त्या रागावल्या नाहीत, पण जे सांगितलं ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. केसांच्या रंगातला एक घटक पुष्कळांना बाधतो, पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना तर जास्तच. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की सहसा ते सुटत नाही. "तो निघाला तर रंगाचं काम तुम्हाला सोडावं लागेल," त्या म्हणाल्या. मावशीकडे दहातल्या सात जणी रंगासाठीच येतात. रंग सोडणं म्हणजे दुकानाला कुलूप.

तपासणी अशी होती की पाठीवर लहान लहान चकत्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या. प्रत्येक चकतीत एकेका पदार्थाचा कण आणि शेजारी पेनने आकडा. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, मग पट्ट्या काढून पाहायचं, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. ते चार दिवस मी मावशीकडेच राहिले. ती पालथी झोपायची आणि उशीत तोंड खुपसून विचारायची, "लाल झालं का गं? रंगाचा आकडा कितवा?" मला तो तोंडपाठ होता, पण मी सांगितला नाही. सांगितला असता तर तिने आरसा धरून रात्रंदिवस तेवढाच चौकोन खाजवला असता.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ घेतला.

"रंगाची जागा स्वच्छ आहे. काहीच नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मावशी मात्र हलली नाही. "पुन्हा बघा," म्हणाली. त्यांनी पुन्हा पाहिलं. स्वच्छच होती. लाल झाला होता तो भलताच एक चौकोन, खालच्या ओळीतला. त्या घटकाचं नाव त्यांनी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं: मिथाइलआयसोथायाझोलिनोन. पातळ वस्तू टिकावी, तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून चिमूटभर घालतात. "लेबलवर घटकांची यादी असते. साधारणपणे जे जास्त ते आधी, जे नाममात्र ते शेवटी. हा शेवटाकडे शोधा," त्या म्हणाल्या. "हा टाळलात की हात बरे होतील. आणि बाटल्यांची नावं सोलणं आता पुरे."

नाव वाचताना जीभ अडखळत होती, म्हणून मावशीने त्याचं नाव 'लांबण' ठेवलं.

आता लांबण शोधायचं कुठे? लेबलं तर बादलीत विरघळली होती. आम्ही मावशीला माल पुरवणाऱ्या दुकानदाराकडे गेलो आणि त्याच्या गोदामात पालथ्या बादल्यांवर बसून ती वापरते तो एकूण एक माल वाचून काढला. मी छापखान्यातलं भिंग नेलं होतं. मी वाचायची, मावशी कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायची. शाम्पूत नाही, कंडिशनरमध्ये नाही, क्रीममध्ये नाही. वाचता वाचता भलतंच ज्ञान मिळत गेलं. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात बारा, म्हणजे डबी उघडल्यापासून बारा महिने. मावशी इतकी वर्षं समजत होती की एक डबी बारा जणींना पुरते, आणि तेरावीला क्रीम उरलं की स्वतःच्या काटकसरीवर खूश व्हायची. रंगाच्या खोक्यावर तर सरळ लिहिलेलं होतं की आधी थोडासा कातडीवर लावून दोन दिवस थांबा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका. मावशीचा चेहरा उतरला.

"मी हेडबाईंच्या भुवयांना लावलाय गं," ती हळूच म्हणाली. "दोनदा."

"डोळे शाबूत आहेत ना त्यांचे?"

"तुला दिसतं त्याच्या दुप्पट दिसतं त्यांना."

"मग देवाचे आभार मान आणि कानाला खडा लाव."

संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतलो. गोदामाची धूळ धुवायला मी बेसिनपाशी गेले, हिरवी बाटली दाबली आणि सवयीने तिची पाठ फिरवली. पार्लरात लेबल शाबूत राहिलेली ती एकच बाटली होती. हात धुवायचा साबण कुठला, असं कोण गिऱ्हाईक विचारणार, म्हणून मावशीने ती सोललीच नव्हती. यादीच्या शेवटून तिसरं नाव लांबणाचं होतं.

"मावशी," मी ओरडले, "कुंपणच शेत खातंय!"

ती आली. भिंग घेऊन स्वतः वाचलं, कागद शेजारी धरून एकेक अक्षर. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. "म्हणजे हात बरे व्हावेत म्हणून मीच दिवसातून तीस वेळा…" मी बाटली उचलून कचऱ्यात टाकली. इतक्या जोरात टाकली की झाकण उडालं.

दीड महिन्यात कातडी भरून आली. तेव्हा मावशीने हेडबाईंना फोन केला. त्या एका मंगळवारी आल्या आणि शाळेत मुलांची नखं तपासावीत तसे मावशीचे हात तपासले. "ठीक आहे," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मावशीने खोक्यातलं पत्रक उलगडलं, त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावला आणि म्हणाली, "दोन दिवस धुवायचं नाही. खाज आली किंवा लाल झालं तर फोन करा. नाहीतर गुरुवारी या. आणि भुवयांना आता कधीच नाही."

"अठरा वर्षं लावते आहेस, मग आजच हे काय नवीन?"

"अठरा वर्षं मी वाचलं नव्हतं, बाई."

हेडबाईंनी मान हलवली. चूक कबूल करणाऱ्याला त्या शाळेतही मारत नसत म्हणे. जाताना मात्र त्यांनी फळीवर लेबलं समोर करून मांडलेल्या बाटल्या पाहिल्या आणि पर्समधली वही काढून शाम्पूचं नाव उतरवून घेतलं. मावशीने ते पाहिलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

गुरुवारी मी मुद्दाम तिथे थांबले. हेडबाई आल्या. कोपर स्वच्छ होतं. काखेत तीच शाम्पूची बाटली, नवीकोरी, बाजारातून आणलेली.

"घरी धुऊन पाहिलं काल," बाटली आरशापाशी ठेवत त्या म्हणाल्या. "छे! यात तुझे हात नाहीत. ही तूच वापर, मला घरी नको."

मावशीने हातमोजे घालून रंग लावला, वेळ झाल्यावर धुतला. मग हातमोजे काढले आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा उघड्या बोटांनी त्यांचं डोकं चोळायला घेतलं.

"आमच्या शाळेत एकदा काय झालं…" हेडबाईंनी सुरुवात केली, आणि वाक्य तिथेच राहिलं.