मोठीमायची बाजाराच्या दिवसाची गोळी

अन्याय कोणावर झाला ते आधी लिहिते. शेवंताबाई, माझ्या वडिलांची थोरली वहिनी, म्हणून माझी मोठीमाय. वय सत्तरीला टेकलेलं. घाटंजी तालुक्यात दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचण्यात तिचा जन्म गेला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, कमरेच्या फडक्यात अर्धवट कापूस घेऊन ती खाली बसली, ती उठलीच नाही. डोक्यातली नस फुटली, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं. निरोप आला तेव्हा मी कापसाच्या भावासाठी निघणाऱ्या मोर्चाची पत्रकं वाटत होते... पण अन्याय त्या मंगळवारी झाला नाही. तो दीड वर्ष आधी झाला, एका रविवारी संध्याकाळी, तिच्याच अंगणात. आणि करणाऱ्यांत मी होते.

त्याच्या आदल्या आठवड्यात गावात तपासणी शिबिर झालं होतं. तिथे तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं आणि रोज सकाळी एक गोळी घ्यायला सांगितलं. दुसरं काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिनं खरं ते सांगितलं, की कहूची म्हणजे अर्जुनाची साल उकळून पिते, धडधड कमी वाटते. "झाडपाला बंद करा, मरायचंय का?" डॉक्टर भर रांगेत खेकसले. रांग हसली. त्यानंतर कोणीही विचारलं की तिचं एकच उत्तर, "नाही बा, काहीच नाही घेत."

ही साल ती कशी आणायची, ते मला लहानपणापासून माहीत. आदल्या दिवशी नाल्यावरच्या झाडाजवळ जायची, बुडाशी चिमूटभर तांदूळ ठेवायची आणि शेजारणीशी बोलावं तसं म्हणायची, "उद्या येतो व माय, थोडीशी देजो." दुसऱ्या दिवशी हाताएवढा तुकडा काढून जखमेवर चिखल लिंपायची. माझ्या प्रत्येक तापात तिचाच कुठलातरी काढा असायचा, आणि तो कडू लागला की माझ्या तोंडात गुळाचा खडा.

हे सगळं माहीत असूनही मी पत्रक लिहिलं, 'काढ्यानं गरिबाला मारलं'. तिच्याच अंगणात बायका जमवल्या आणि घसा ताणून वाचलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"लय ठसक्यात वाचतं व पोरी. आमदारीन होतं का काय?"

"गोळी रोज घेतं ना पण?"

"घेतो ना. तुह्या भेवानं तरी घ्याच लागते."

सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यानंतर काढा उकळायचं काळं भांडं मला चुलीवर कधी दिसलं नाही. माझा समज, पत्रक लागू पडलं.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी तिच्या जोडीनं वेचणारी सुमनकाकी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ते पान्याची गोळी होती ना व. घेतली का घडीघडी लघवीले जा लागते. आवंदा पानी नाही, पऱ्हाटीचं झाड गुडघ्याएवढं. आडोसा कुठी हाय वावरात? बांधावर गडी बसून राह्यते. आन् दूर जा त वेचनी मांगं पडते."

"मग?"

"मंग काय. वेचनीच्या दिवशी काढा, बाजाराच्या दिवशी वेचनी बंद, तवा गोळी. आमी समद्याच तसंच करतो."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू पत्रक वाचून दाखोतं, बाई."

नंतर मी यवतमाळच्या डॉक्टरांना विचारलं. सालीनं काय केलं ते सांगता येत नाही म्हणाले; पण आठवड्यातून एकदा घेतलेली गोळी न घेतल्यासारखीच. वेळ बदलता आली असती, गोळीही बदलून देता आली असती, फक्त कळायला हवं होतं. झाडाला विचारल्याशिवाय साल न काढणारी ही बाई. तिला मात्र कोणी धड विचारलं नाही. त्या वर्षी कापसाच्या भावावर मी किती भाषणं केली... कापूस वेचणारी बाई दिवसभर लघवी दाबून उभी असते, हे मला, बाई असून, सुचलं नाही.

तिच्या खोलीत खुंटीवर कापडी पिशवी अजून आहे. तळाशी सालीचे तुकडे, वर गोळ्यांची पाकिटं, रबरानं नीट बांधलेली. प्रत्येक पाकिटात दोन-चार घरं फुटलेली, बाकी तशीच भरलेली. पिशवी काढायला कोणी धजत नाही.

तुमच्याही घरात प्रेशरची गोळी चालू असलेलं कोणी म्हातारं माणूस असेल. हे पान ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. सकाळी उठून काय पिता, गोळी कोणत्या दिवशी चुकवता आणि का, एवढंच विचारा. उत्तर पुरं होईपर्यंत हसू नका, रागावू नका. मग त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि त्यांचं सांगून होईस्तोवर दारातून हलू नका.