एकरूखच्या तळ्यावर कुणीही न पाहिलेले रोहित

रत्नागिरीहून सोलापूरला निघालो तेव्हा मोटारीच्या पायरीपाशी आमची ही मला म्हणाली, "काही करा, पण जिंकून या. नानांचा तोरा आता मला बघवत नाही." नाना म्हणजे तिचे सख्खे वडील आणि माझे सासरे. पोटच्या मुलीने इतकं स्पष्ट बोलावं अशी वेळ त्यांनी आणली होती, एवढंच सांगतो.

नाना कोर्टात शिरस्तेदार होते. पेन्शन झाल्यावर इतर माणसं कीर्तनाला बसतात. नाना भाट्याच्या खाडीवर पक्षी बघत बसू लागले आणि जावई म्हणून मलाही बसवू लागले. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ज्याला जास्त जातींचे पक्षी दिसतील, त्याने नानांची जर्मन दुर्बीण पुढचं वर्षभर गळ्यात घालायची, असं ठरलेलं. ती नानांच्या गळ्यातून आजवर कधी उतरली नव्हती. मी दर हिवाळ्यात नुसत्या डोळ्यांनी खाडीपलीकडचे ठिपके बघायचो आणि हरायचो. शेवटी वैतागून मी एक नियम घालायला लावला. यादीतल्या प्रत्येक नावापुढे, तो पक्षी शेजारी उभं राहून पाहिलेल्या दुसऱ्या माणसाची सही नाहीतर अंगठा हवा. नाना लगेच कबूल झाले. कोर्टातल्या माणसाला साक्षीदार म्हटलं की उत्साह येतोच.

यंदा आमच्या याद्या अगदी बरोबरीत आल्या. एका नव्या पक्ष्याचाच काय तो प्रश्न होता. अशात चादरी विकायला आलेल्या एका सोलापूरकराने सांगितलं, की त्यांच्याकडे एकरूखच्या तळ्यावर हिवाळ्यात छातीइतके उंच, गुलाबी पक्षी उतरतात. रोहित! साहेब लोक ज्याला फ्लेमिंगो म्हणतात तो. आमच्या खाडीकडे तो ढुंकूनही बघत नाही. मी शाळेत रजेचा अर्ज टाकला.

आंबा घाटात मला मोटार लागली. ते वर्णन वाचकांना नको आणि मलाही नको. मिरजेहून कुर्डुवाडीची छोटी गाडी धरली. वाटेत एका उतारूची टोपी उडाली, तर तो खाली उतरला, टोपी झटकली, खिडकीशी चालत चालत आमच्याशी गप्पा मारल्या आणि मग सावकाश वर चढला. पुढे सोलापूरच्या गाडीत माढ्याचा एक शेतकरी शेजारी आला. त्याने फडकं सोडून मला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी (शेंगदाण्याची कुटलेली चटणी) दिली. कडक भाकरी म्हणजे भाकरीची पापडासारखी वाळवलेली बहीण. मी जन्मभर मऊ भात खाल्लेला माणूस, तिला दाढेखाली घेतलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

"लई कडक हाय व्हय?" तो काळजीने म्हणाला. "आवो, मोडून चटनीच्या तेलात भिजवायची की. तुमच्या गावाला दात नसत्यात का?"

सोलापुरात स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. सकाळी गिरणीच्या भोंग्याने असा दचकलो की उशाचा तांब्या लवंडला. गल्लीत विणकरांच्या घरांतून मागाची खटखट आणि तेलुगू गप्पा चाललेल्या. मी मराठीत वाट विचारली की मराठीत उत्तर यायचं आणि मी वळलो की पुन्हा तेलुगू सुरू. बहुधा माझ्याच टोपीबद्दल. हवा इतकी कोरडी, की आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं तसं इथे माणसाचं पाणी आटतं. ओठ फुटले, पण तळ्याकडे जायचं म्हणून मी खुशीत होतो.

टांगेवाला हुसेनभाई बोलका निघाला. वाटभर काळीभोर जमीन, हुरड्याला आलेली ज्वारी, बाभळी, आणि हुसेनभाईंच्या घोड्याच्या आजाराची हकिकत. बांधावर टांगा चढला आणि समोर तळं पसरलं. पलीकडच्या उथळ पाण्यात गुलाबी रंगाची रांगच्या रांग उभी होती. माना खाली, चोची उलट्या करून सगळे चिखल चाळत होते. नानांच्या दुर्बिणीवाचून, माझ्या उघड्या डोळ्यांनी मला ते स्वच्छ दिसले. मी टांग्यातून उडी मारली आणि आनंदाने दोन्ही हात वर केले. नेमका तेव्हाच उजवा पाय गाळात गेला. पाय परत आला, वहाण आली नाही.

"क्या नजारा है, साब!" हुसेनभाई म्हणाले. "जैसे तालाब में गुलाब खिले!"

मी यादी काढून त्यांच्यापुढे धरली. "हुसेनभाई, एवढं इथे अंगठा उठवा. तुम्ही हे पक्षी पाहिले, याची साक्ष म्हणून."

हुसेनभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी टांगा वळवला, तळ्याकडे पाठ केली आणि सोलापूरकडे तोंड करून बसले. "हम कुछ नै देखे, साब. हमारी आंख कच्ची है."

मला वाटलं, माणूस विक्षिप्त असेल. पुढे काठावर एक धनगर मेंढरं पाजत होता. यशवंता त्याचं नाव. तो तर पक्ष्यांवर फिदाच होता. "संक्रांतीच्या आदी आली बगा ही. शिमग्याला जात्याती. लई देखनी पाखरं! मान कशी, पाय कसं, आन् चोच तेवडी वाकडी." मी वहीत उतरवून घेतलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "आता ह्या साक्षीवर तुमचा अंगठा."

"कसली साक्ष?"

"ही पाखरं तुम्ही पाहिली, याची."

"कंची पाखरं?"

"अहो, ही! समोर!"

यशवंताने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मेंढरांकडे पाहिलं. "हितं नुसतं पानी हाय."

मी बोट दाखवून ओरडलो. माझ्या ओरडण्याने सगळा थवा एकदम उठला. पंखांखालचा तांबडा आणि काळा रंग उघडा पडला, तळ्यावर कलकलाट झाला आणि आमच्या डोक्यांवरून जाताना एका रोहिताने यशवंताच्या घोंगड्यावर भलामोठा पांढरा शिक्का मारला.

"मग हे काय पडलं?" मी विचारलं.

यशवंताने पाचोळ्याने घोंगडं पुसलं. "पाऊस," तो म्हणाला. आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

थवा पलीकडे उतरला. मी एका पायात वहाण घालून निरनिराळ्या माणसांना गाठत सुटलो. धुणं धुणाऱ्या बायका, बैल धुणारा गडी, एक आंधळे म्हातारबुवा. अंगठ्याचं नाव काढलं की कुणालाच काही दिसेना. म्हातारबुवा तेवढे खरं बोलत होते. रडकुंडीला आलो. एवढा घाट चढून, दाढ दुखवून, शिक्षकाची रजा घालवून माझ्यासमोर शेकडो रोहित होते आणि यादीत लिहायला एकही नव्हता. वर घरी जाऊन नानांचं ते मंद हसू बघायचं होतं.

शेवटी तळ्याकाठच्या गावात चावडीवर गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. चावडीमागच्या शेतात पाटील मंडळी आगटीभोवती (हुरडा भाजायच्या गोवऱ्यांच्या खळग्याभोवती) बसली होती. त्यांनी नाव विचारायच्या आधी माझ्या ओंजळीत गरम हुरडा ओतला. भाताबद्दल मी आजही एकनिष्ठ आहे, पण हुरड्यापुढे त्या दिवशी निष्ठा डळमळली. खाता खाता माझं रडगाणं ऐकवलं.

पाटील गंभीर झाले. "गुरुजी, राग धरू नगा. तळ्याचं पानी रातचं कुनीतरी चोरलं, त्येची केस झाली. आमच्या गावानं भोळेपनानं साक्ष दिली. तवापासनं तारीख, तारीख, तारीख. पेरनीच्या वक्ताला सगळं गाव सोलापूरच्या कोर्टात बसल्यालं. मग आमी देवळात बसून ठरावच केला, तळ्यावर जे दिसतं ते आमाला दिसत न्हाय. त्यात पाखरं बी आली."

"पण ही कोर्टाची साक्ष नाही हो! माझ्या सासऱ्यांना दाखवायची आहे." आणि मी दुर्बिणीची सगळी कथा सांगितली. नाना, यादी, दरवर्षीची हार, सगळं.

मग पाटलीणबाई पदर खोचून पुढे झाल्या. "म्हंजे? लग्नात सासऱ्यानं जावयाला दुर्बीन दिली न्हाय?"

"नाही," मी म्हणालो.

"आन् आता पाखरं मोजून घ्या म्हन्तो?" एकदम गलका झाला. दुर्बीण ही जावयाच्या मानाची वस्तू आहे यावर एकमत झालं. शेजारच्या गावच्या एका सासऱ्याने कबूल करून सायकल दिली नाही, तेही निघालं. नानांना मी एवढा मोठा खलनायक कधी समजलो नव्हतो. मला बरं वाटलं.

"पन ठराव मोडायचा न्हाय," पाटील म्हणाले.

"मोडू नगा की," पाटलीणबाई म्हणाल्या. "न्हाय बगितलं असंच लिवून द्या. पन नीट लिवा."

कुलकर्ण्यांना बोलावलं. गाव सांगत गेलं आणि ते ऐटदार अक्षरात लिहीत गेले. तो मजकूर मला तोंडपाठ आहे: "आम्ही खाली अंगठे करणार लिहून देतो ऐसाजे, एकरूखचे तळ्याचे उथळ अंगास लांब मानेची, गुलाबी पायांची, वाकड्या चोचीची पाखरे आम्ही पाहिली नाहीत. ती चोच उलटी करून चिखल चाळीत नव्हती. ती संक्रांतीआधी आली नाहीत व शिमग्यास जाणार नाहीत. पाहुणे ओरडले तेव्हा ती उडाली नाहीत, व उडताना पंखाखाली तांबडा आणि काळा रंग दिसला नाही."

"माज्या घोंगड्यावर काय बी पडलं न्हाय, ते बी घाला," यशवंता मागून ओरडला. तेही घातलं.

अंगठे उठवायला रांग लागली. हुसेनभाई टांगा सोडून आले. आंधळ्या म्हातारबुवांनीही अंगठा दिला, आणि त्यांचा एकट्याचाच अक्षरशः खरा होता. निघताना पाटलीणबाईंनी हुरड्याचं गाठोडं, पाटलांच्या जुन्या वहाणा आणि निरोप दिला: "सासऱ्याला म्हनावं, गाव बगतंय."

रत्नागिरीला पोचलो त्याच संध्याकाळी हिला घेऊन नानांकडे गेलो. पडवीत बसून त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. कायद्याने हा नकार होता आणि नाना कायद्याचे पक्के होते.

"सबंध नोकरीत," ते हळूच म्हणाले, "पाहिलं म्हणणाऱ्या साक्षीदारांना मी कधी घोंगड्यापर्यंत तपशील देताना ऐकलं नाही." त्यांनी माझ्या यादीत रोहित लिहिला आणि खाली सही केली. मग गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. आमची ही दारामागे होती, तिने टाळी वाजवलेली मी ऐकली.

मी लगेच दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पडवीसमोरच्या खाडीकडे वळवली. खाडी नव्हती. ताकाने भरलेल्या बुडकुल्यात डोकं घातल्यासारखं सगळं पांढरं होतं. काचांना आतून बुरशी आली होती, आणि ती काही कालपरवाची नव्हती. मी चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पांढरंच. नानांच्या सगळ्या हिवाळ्यांच्या लांबलचक याद्या माझ्या मनासमोरून गेल्या. सोलापूरकडची ती भली माणसं सगळं दिसत असून काही पाहिलं नाही असं लिहून देत होती, आणि आमच्याकडे?

दुर्बीण खाली केली. नाना माझ्याकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पेन्शनीत गेलेला, खाडीवर एकटं बसायला न आवडणारा म्हातारा माणूस. मला त्यांचा भारी लळा आहे, हे मला त्या पांढऱ्या काचांतून पहिल्यांदा लख्ख कळलं.

"स्पष्ट दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम," मी म्हणालो. "समोर खंड्या बसलाय. मासा आहे चोचीत."

नानांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात आत स्वयंपाकघरात चुलीकडे तोंड करून बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला, "हो हो, मीसुद्धा पाहिला. सही कुठे करू?"