शिट्टीवाला कुकर आणि जपानी पोलिस

नाही, आधी हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगते! आमच्या ह्यांनी चारचौघांत सांगून सांगून माझी पार शोभा केलीय.

तोक्योच्या कोतो भागात आम्ही नवे होतो तेव्हाची गोष्ट. इमारतीतले निम्मे मजले आयटीवाल्या भारतीयांनी भरलेले. वरच्या मजल्यावर चेन्नईची विजी राहायची. तिनं मला एका तमिळ सिनेमाची डीव्हीडी दिली. हिरो पोलिस इन्स्पेक्टर.

"सबटायटल्स आहेत ना गं?" मी विचारलं.

"अय्यो, कशाला? तो मारतो, बाकीचे मार खातात. समजेल!"

आणि खरंच समजत होतं हो! एका गुंडाला खुर्चीला बांधलंय, इन्स्पेक्टर त्याला काहीतरी विचारतोय, आणि तो काही केल्या तोंड उघडेना. काय लपवतोय मेला? माझा जीव नुसता टांगणीला! पण दुपारच्या पोळ्या कोण करणार? म्हणून आवाज मोठा केला आणि स्वयंपाकघरातून ऐकत लाटत राहिले.

बेल वाजली. दार उघडलं, तर समोर खराखुरा पोलिस! माझ्या हातात लाटणं, कोपरापर्यंत पीठ, आणि आतून एका पुरुषाच्या किंकाळ्या!

त्यानं वाकून नमस्कार केला. मग माझ्या खांद्यावरून आत बघत हळूच विचारलं, "घरात आणखी कोण आहे?"

व्हिसा वाढवायचा ह्यांचा अर्ज त्याच आठवड्यात गेलेला. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केलेली दिसतेय! आता कसला व्हिसा? बॅगा भरा आणि चला पुण्याला!

"सिनेमा! सिनेमा!" म्हणत मी टीव्हीकडे बोट केलं. त्यानं बूट काढले, नीट जुळवून ठेवले आणि आत आला. तेवढ्यात आमच्या इन्स्पेक्टरनं छतात तीन गोळ्या झाडल्या.

"एक गोळी सुटली तरी आम्हाला ढीगभर कागद भरावे लागतात," तो डोळे मोठे करून म्हणाला. "हे कधी भरतात?"

"भरत नाहीत."

"असं?" म्हणून तो बघतच राहिला. मी मनात म्हटलं, हा साधा नाही. गोड बोलून सगळं काढून घेणार. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं! क्लासमध्ये शिकलेलं मोडकंतोडकं जपानी सगळं पणाला लावलं.

"ओमावारीसान," पोलिसाला तिथे असंच म्हणतात, "आवाज मीच मोठा केला. दुधाची खोकी धुऊन टाकायची असतात, मी तशीच टाकते. ह्यांच्या सायकलची नोंद अजून मित्राच्याच नावावर आहे. आणि आमचा जुना प्रेशर कुकर… तसला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते कळेना, म्हणून पहाटे शेजारच्या इमारतीच्या कचऱ्यात मीच ठेवला!"

तो एकदम ताठ झाला. "झाकणावर गोल टोपी असलेला?"

"टोपी नव्हे, शिट्टी."

त्यानं खिशातून एक कार्ड काढलं. "मी चौकीत नवीन आहे. घरोघरी ओळख करून घेतोय. भूकंप झाला तर कुठे कोण राहतं ते कळावं, म्हणून फक्त नावं लिहून घ्यायची होती."

"आणि तक्रार?"

"कसली तक्रार?"

आता बोला! काय करावं माणसानं?

"पण बरं झालं सांगितलंत," तो खुलून म्हणाला. "ती वस्तू तीन आठवडे चौकीत आहे. कुणाची तरी हरवली असेल म्हणून एका आजोबांनी आणून दिली. कशाचं यंत्र आहे, आम्हाला कुणाला कळेना!"

दुसऱ्या दिवशी चौकीत गेले. 'माझी हरवलेली वस्तू मिळाली' म्हणून सही केली. तिघा पोलिसांना शिट्टी कशी होते ते तोंडानं वाजवून दाखवलं, वाकून आभार मानले आणि जो कुकर टाकायला पहाटे उठले होते, तो भर दुपारी मिरवत घरी आणला.

व्हिसा मिळाला हो, पुढच्याच महिन्यात. आणि सिनेमातला तो गुंड? उलटा टांगला तरी शेवटपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. मी मात्र नाव विचारायच्या आत सगळं ओकून मोकळी!